कामं वाटली, पण ठरवणार कोण?

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळांत माझी सगळी नोकरी गेली, शेवटी मुख्याध्यापिका म्हणून. नवे हेडमास्तर भेटले की हमखास विचारतात, "बाई, कारभार सगळ्यांत वाटून दिला की शिक्षक खरंच मन लावून काम करतात का हो?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहिते.

करतात. पण तुम्ही वाटता काय, ते आधी सांगा.

आमच्याकडे वर्षाच्या पहिल्या मीटिंगला एक यादी फिरते. अक्षर दासोहचा, म्हणजे दुपारच्या जेवणाचा हिशेब एकाकडे, प्रतिभा कारंजी या मुलांच्या कलागुणांच्या स्पर्धेची तयारी दुसरीकडे, मुलांची ऑनलाइन माहिती भरणं ज्याला कॉम्प्युटर येतो त्याच्या माथी. सीमाभागात यात आणखी एक बळी असतो, कन्नड शिकवणारे सर. बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसची परिपत्रकं कन्नडमध्ये, उत्तरंही कन्नडमध्येच जायची, म्हणजे सगळी टपाल त्यांच्या गळ्यात. ‘अर्जंट’ म्हणून कागद आला की चालू तास सोडून ते ऑफिसात. पण शाळेच्या अनुदानातून आधी काय आणायचं, कोणता वर्ग कुणी घ्यायचा, हे त्यांना कुणी विचारत नाही. अंडी किती आणि केळी किती ते शिक्षकांनी मोजायचं, ठरवायचं हेडमास्तरांनी. आणि वर पालकसभेत ऐकायचं, "आमच्याकडे सगळे मिळून शाळा चालवतो."

यातून निष्ठा येत नाही, कंटाळा येतो.

मेयर आणि ॲलन या अभ्यासकांनी 1991 मध्ये नोकरीतल्या बांधिलकीचे तीन प्रकार मांडले: मनापासूनची, कर्तव्य म्हणून, आणि सोडलं तर नुकसान होईल म्हणून. तिसरी आमच्याकडे भरपूर. सरकारी नोकरी सोडून जातंय कोण? त्यामुळे माणूस टिकला म्हणजे बांधला गेला असं समजू नका. बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या माध्यमिक शाळांत याच विषयाचा अभ्यास झाला. तिथंही शिक्षकांच्या बांधिलकीचं नातं दिसलं ते मिळणाऱ्या आधाराशी, वरच्या मंडळींच्या आपसातल्या मेळाशी आणि निर्णयातल्या सहभागाशी. तिथल्या मोठ्या शाळा आणि आमच्या तीन-चार शिक्षकांच्या शाळा यांत जमीन-अस्मानाचा फरक; पण आधाराचं म्हणाल तर मी स्वतः पाहिलंय.

आमच्या तालुक्यातल्या कणकुंबी, जांबोटीकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. एकदा आमचे हेडमास्तर तालुक्याला मीटिंगला गेलेले. दुपारी ओढा चढायला लागला. पलीकडच्या वस्तीची मुलं अडकतील म्हणून आमच्यातल्या सगळ्यात नव्या बाईंनी त्यांना लवकर सोडलं, सोबत दोन मोठी माणसं देऊन. दुसऱ्या दिवशी वरून फोन, शाळा लवकर का सोडली? बाईंचा चेहरा उतरला. हेडमास्तर फोनवर म्हणाले, "माझ्या शाळेचा निर्णय आहे, लेखी मी देतो." वास्तविक त्यांना आदल्या संध्याकाळपर्यंत काही माहीतही नव्हतं. फोन ठेवल्यावर बाईंना एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी सोबत जाणाऱ्यांची नावं वहीत लिहून ठेवा." त्या बाई पुढं बदलीची संधी असूनही काही वर्षं तिथंच राहिल्या. कारण एवढंच होतं असं मी म्हणणार नाही, घरही जवळ होतं. पण पावसाळ्यात कुठली मुलं कुठल्या वाटेनं जातात याची वही त्यांनी स्वतःहून सुरू केली, ती कुणाच्या यादीतली नव्हती.

"निर्णय दिला आणि चुकला तर?" हाही प्रश्न येतोच. चुकेल की. मुख्याध्यापकाचा चुकत नाही का? फक्त चुकल्यावर "त्या बाईंना विचारा" म्हणालात, तर त्या शाळेत पुन्हा कुणी स्वतःहून काही ठरवणार नाही. प्रत्येक गोष्टीला लेखी ऑर्डर मागतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

तेव्हा येत्या जूनला एवढं करून बघा. कामांची यादी नंतर. आधी वर्गवाटप शिक्षकांवर सोडा. नली-कलीचा, म्हणजे खेळत-करत शिकणाऱ्या लहान मुलांचा वर्ग कुणी घ्यायचा यावर तासभर वाद होईल. होऊ द्या. तुम्ही तेवढ्यात कन्नड सरांकडची निम्मी टपाल स्वतःच्या टेबलावर घ्या. कन्नड कच्चं असेल तर शिकाल, सर शेजारच्याच खोलीत आहेत.