हॅड बीन आणि आयएनजी : सध्या कुठवर आलंय

मंडळी, टेन्सच्या तक्त्यातला पास्ट परफेक्ट कंटिन्युअस घेतलाय सध्या. फॉर्म्युला शाळेपासून पाठ असतोच आपल्या सगळ्यांचा, हॅड बीन आणि क्रियापदाला आयएनजी, कर्ता कुणीही असो हॅड काही बदलत नाही, म्हणजे वाक्य बनवायला हा काळ हॅव-हॅजवाल्यापेक्षा सोपाच. गाडी अडते ती वापरायचा कधी यावर, कारण मराठीत 'मी वाट बघत होतो' म्हटलं की दोन्हीकडे भागतं, आय वॉज वेटिंगलाही आणि आय हॅड बीन वेटिंगलाही.

म्हणून सुटी वाक्यं बाजूला ठेवली आणि एकच उदाहरण धरून तेच उलटसुलट करत बसलो. सचिन. नोव्हेंबर 1989 मध्ये कराचीला पहिली टेस्ट, नोव्हेंबर 2013 मध्ये वानखेडेवर शेवटची. व्हेन सचिन रिटायर्ड, ही हॅड बीन प्लेइंग इंटरनॅशनल क्रिकेट फॉर ट्वेंटी-फोर इयर्स. यात रिटायर्ड हा खुंटा, तिथे उभं राहून मागे किती वर्षं खेळ चालू होता ते मोजायचं. खुंटा वाक्यात नसला तरी आधीच्या बोलण्यात तरी असायलाच हवा, नाहीतर हा काळ अधांतरी लटकतो. आता शतकं घ्या. ही हॅड स्कोअर्ड अ हंड्रेड सेंच्युरीज, इथे हॅड बीन स्कोअरिंग नाही चालत कारण शंभर हा पूर्ण झालेला आकडा आहे. किती वेळ चाललं होतं ते सांगायचं तर आयएनजी, किती झालं ते सांगायचं तर साधा पास्ट परफेक्ट, माझ्या मते अर्धा विषय इथेच सुटतो.

मला सगळ्यात आवडलेली जोडी पावसाची. सकाळी बाहेर पडलो, इट वॉज रेनिंग, म्हणजे पाऊस अंगावर पडतोय, छत्री उघडा. इट हॅड बीन रेनिंग म्हटलं तर बहुतेक वेळा पाऊस थांबलाय पण रस्ता ओला आहे, डबकी साचलीत. पाऊस दिसत नाही, त्याची खूण दिसते. डोळे लाल का, तर शी हॅड बीन क्रायिंग. एवढ्याशा बीनमध्ये आधीची सगळी गोष्ट येते, फार सुंदर आहे हे.

ओळखणं, माहीत असणं, मालकीचं असणं या क्रियापदांना हा काळ लागत नाही. आपण 'ओळखत होते' म्हणतो म्हणून हॅड बीन नोइंग तोंडात येतं, पण सचिन अँड कांबळी हॅड नोन ईच अदर सिन्स स्कूल व्हेन दे प्लेड फॉर इंडिया, असंच. आणि गोव्याचं बघा, पोर्तुगीज 1510 ला आले, डिसेंबर 1961 ला गेले. हॅड बीन रूलिंग व्याकरणात चूक नाही, पण साडेचारशे वर्षांच्या कायमच्या अंमलाला हॅड रूल्ड जास्त शोभतं, आयएनजीने जरा तात्पुरतेपणा येतो. हा बारकावा पुस्तकात एका ओळीत उरकतात, खरं तर थांबून बघण्यासारखा आहे. 'जायचो, खेळायचो' हे मात्र इकडे आणू नका, ती सवय झाली, तिला युज्ड टू.

ऐकताना वेगळीच मजा. बोलण्यात हॅड गिळला जातो, हीड बीन प्लेइंग असं येतं, बीनसुद्धा नुसता बिन ऐकू येतो. हीड म्हणजे ही वुडपण असू शकतं पण लगेच पुढे बीन आला की हॅडच, वुडला मधे हॅव लागतो. क्रिकेटपटूंच्या जुन्या मुलाखती कमी स्पीडवर लावून हे पकडतोय, बऱ्यापैकी कान बसलाय.

आता रिपोर्टेड स्पीच सुरू केलंय. आय हॅव बीन वेटिंगचं शी सेड शी हॅड बीन वेटिंग होतं हे सरळ आहे, पण आय वॉज वेटिंगचंही तेच होऊ शकतं, आणि बोलताना बरेच जण वॉज तसाच ठेवतात. कुठे ठेवतात कुठे बदलतात त्याची उदाहरणं जमवतोय, तुमच्याकडे असतील तर टाका.