गोड पाण्याचा हापसा

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत राजस्थानच्या कोरड्या पट्ट्यातून नमुने आले होते. बाटल्यांवर तिथल्या एका शिक्षकांचं सुबक अक्षर: मंदिराजवळ, शेत, शाळेमागचा हापसा. नायट्रिक आम्ल घालून, टोपणं घट्ट लावून पाठवलेल्या. एवढी शिस्त क्वचितच दिसते.

दुपारी सायलीने आयसीपी-एमएस या मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर पहिली रन लावली आणि धावतच माझ्याकडे आली. "मॅडम, सगळ्यांतच आर्सेनिक मर्यादेच्या वर!" पिण्याच्या पाण्यासाठी या विषारी मूलद्रव्याची भारतीय मानकातली मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम. इथे 14, 19, 23 आणि शाळेमागच्या हापशाला 46.

मी क्लोराइडचे, म्हणजे पाण्याच्या खारेपणाचे, आकडे शेजारी मांडले. हापसा सोडला तर जितकं पाणी खारं, तितकं आर्सेनिक जास्त. हा मेळ मला खटकला. या यंत्रात नमुना आरगॉन वायूच्या अतितप्त झोतातून, म्हणजे प्लाझ्मातून जातो आणि मूलद्रव्य वस्तुमानावरून ओळखलं जातं. आर्सेनिकचं 75. पण आरगॉनचे 40 आणि क्लोरीनचे 35 जोडले गेले की तेही 75च! खाऱ्या पाण्यात ही फसगत ठरलेली. तसाच अहवाल गेला असता तर गावातल्या सगळ्याच बोअर बंद झाल्या असत्या, आणि त्या मुलखात दुसरं पाणी आणायचं कुठून?

यंत्रात हेलियम वायू भरून पुन्हा रन घेतली. त्यात आरगॉन-क्लोरीनची जोडी अडते, सुटं आर्सेनिक पुढे जातं. आकडे 2, 3, 4 वर उतरले. हापसा मात्र 41. त्यात ठरावीक आर्सेनिक मिसळून पाहिलं, तेवढंच वाढून आलं. म्हणजे हा आकडा खरा होता. त्या पाण्याचा, आम्ल घालण्याआधी जागेवरच मोजलेला पीएच 8.7. जमिनीतल्या लोहाच्या गंजाला चिकटून बसलेलं आर्सेनिक असं अल्कधर्मी पाणी सोडवून घेतं, आणि कोरड्या प्रदेशात ते धुऊन न्यायला पाऊसही पुरेसा नसतो. बंगालमध्ये वेगळं घडतं, तिथे प्राणवायू नसलेल्या गाळात तो गंजच विरघळतो.

मी लगेच गुरुजींना फोन लावला. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, गावात गोड पाणी तेवढंच आहे. सगळे तिथूनच भरतात."

आर्सेनिकला ना चव, ना वास, ना रंग. जिभेला बरं लागलं तेच पाणी लोकांनी निवडलं होतं. मला फार वाईट वाटलं.

"उकळून दिलं तर?"

"नाही गुरुजी. पाणी आटेल, आर्सेनिक तेवढंच राहील." कपडे, भांडी धुवायला हरकत नाही, पिण्या-रांधण्याला नको, हे मी दोनदा बजावलं. चिलीच्या वाळवंटातल्या अँटोफगास्ता शहराने 1958 ते 1970 लिटरमागे सुमारे 860 मायक्रोग्रॅम आर्सेनिकचं पाणी प्यायलं. शुद्धीकरण सुरू झाल्यावरही कित्येक दशकं तिथे फुप्फुसाचे आणि मूत्राशयाचे कर्करोग जास्त आढळत राहिले. इथला आकडा त्या मानाने लहान, पण पिणारी शाळकरी मुलं.

बंगालमध्ये दूषित हापसे लाल रंगवतात, हे सांगितल्यावर गुरुजी म्हणाले, "उद्याच रंगवतो." सांडपाणी शाळेच्या भाजीच्या वाफ्यात जातं, हेही त्यांनीच सांगितलं. तिथे पाणी उडून जातं आणि आर्सेनिक वरच्या थरात साचतं, म्हणून वाफ्यातली वरची माती, हातभर खालची आणि लांबच्या कोरड्या जागेची, अशी वेगवेगळी पाठवायला सांगितली. मुलांच्या तळहात-तळपायांवर खडबडीत पुटकुळ्या किंवा अंगावर ठिपके दिसले तर जिल्हा रुग्णालयात न्या, असंही सांगून ठेवलं.

अहवालावर सही होईपर्यंत अंधार पडला होता. सायलीने मातीच्या नमुन्यांसाठी पिशव्या आणि लेबलं कुरिअरला देण्यासाठी बांधायला घेतली.