सूर्याची जोडीदार

एप्रिल संपत आला होता आणि शाळेची गच्ची रात्री आठलाही गरमच होती. इंदूरला भौतिकशास्त्र शिकवताना दर उन्हाळ्यात मी दुर्बीण वर नेते. त्या रात्री मात्र मलाच धडा मिळाला.

सकाळी नववीच्या मुलांनी पुठ्ठ्याचं खोकं, ब्लेडच्या दोन पात्यांमधली फट आणि जुन्या सीडीचा तुकडा घेऊन वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशातले रंग सुटे करून दाखवणारं साधन, केला होता. सूर्याकडे थेट नाही, उन्हातल्या पांढऱ्या भिंतीकडे रोखायचा. एका मुलीला रंगांच्या पट्ट्यात बारीक काळ्या रेषा सापडल्या. अशाच रेषांवरून ताऱ्यांचे वर्ग लागतात: ओ, बी, ए, एफ, जी, के, एम, तप्त ते थंड. आधी अक्षरं हायड्रोजनच्या रेषा किती ठळक यावर दिली होती. पुढे क्रम तापमानाने लावला, म्हणून ती अशी उलटसुलट. हार्वर्डच्या वेधशाळेत अ‍ॅनी कॅनन यांनी साडेतीन लाखांच्या आसपास ताऱ्यांचे वर्ग लावले, हे सांगताना दर वर्षी माझा आवाज चढतो. आपला सूर्य जी2व्ही, म्हणजे जी वर्गातला, पृष्ठभाग साधारण 5,500 अंश सेल्सिअस. "म्हणजे एक सामान्य तारा," मी सवयीने म्हटलं.

रात्री त्या मुलीबरोबर तिची आजी आली, रामबागेतली. "लग्नात गुरुजी म्हणाले, अरुंधती बघा. मी 'दिसली' म्हटलं. डोळ्यांत तर होमाचा धूर होता!"

मी दुर्बीण सप्तर्षींतल्या वसिष्ठ ताऱ्यावर लावली.

"दोन आहेत! हीच का ती?"

"नाही आजी, हे दोन्ही वसिष्ठच. अरुंधती कडेला, वेगळी."

त्या दोघांतला प्रत्येक ठिपकाही पुन्हा जोडीच आहे. ती जोडी दुर्बिणीत सुटी दिसत नाही. वर्णपटातल्या रेषा दुभंगतात आणि पुन्हा एक होतात, त्यावरून 1889 मध्ये पहिली कळली. अरुंधतीलाही मंद लाल साथीदार आहे. म्हणजे एकूण सहा.

आजी जरा थांबल्या. "मग सूर्याची जोडीदार कुठे असते?"

"नाही हो. तो एकटाच." सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना सोबत असते. मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिण क्षितिजालगत येणाऱ्या 'मित्र' (आल्फा सेंटॉरी) नावाच्या ताऱ्यात तर तिघं आहेत. मोठा सूर्याच्याच वर्गातला, जी2व्ही, आणि सर्वांत छोटा आपल्यापासून 4.24 प्रकाशवर्षांवर.

नात लगेच म्हणाली, "मॅडम, मग सकाळी सामान्य का म्हटलंत?"

तिचं बरोबर होतं, आणि नुसतं एकटेपणामुळे नाही. ताऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश एम वर्गातले लाल खुजे, म्हणजे छोटे, थंड तारे आहेत, इतके मंद की नुसत्या डोळ्यांना एकही दिसत नाही. सूर्य बहुतेकांपेक्षा मोठा आणि तेजस्वी आहे. पंधरा वर्षं मी मुलांना उलटंच चित्र देत होते. हे मी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं.

आजींनी पुन्हा डोळा लावला. मी दुर्बीण किंचित सरकवून कडेचा तारा मध्ये आणला.

"दिसली," त्या म्हणाल्या, आणि मागे रांग असूनही बराच वेळ हलल्या नाहीत.