खरेदीदार मिळाला, सही काही मिळेना

जामनेर तालुक्यातली आमची शेतकरी उत्पादक कंपनी मक्याचं काम करते. राज्य सरकारच्या स्मार्ट या शेतमाल प्रकल्पातून चाळणी-प्रतवारी युनिट आणि गोदाम मंजूर करून घेतलं, ते कसं, असं बरेच जण विचारतात. सातबारे, ऑडिट, ठराव, प्रकल्प अहवाल हे सगळं सीए आणि आत्माच्या (कृषी खात्याची जिल्ह्यातली यंत्रणा) माणसांनी सांगितलं तसं होत गेलं. जीव काढला तो खरेदीदाराच्या करारानं.

स्मार्ट प्रकल्प राज्यभराचा, साधारण २१०० कोटींचा. त्यात १४७० कोटी जागतिक बँकेचं कर्ज, बाकी राज्य सरकार आणि ग्राम सामाजिक परिवर्तन फाउंडेशनचे. नुसती शेड बांधायला पैसे नाहीत, माल घेणारा आधी दाखवा, म्हणून नाव 'उत्पादक भागीदारी'. मला हे पटतं. अनुदानातून उभ्या राहिलेल्या आणि आता कडबा भरून ठेवलेल्या शेडा आमच्या भागात कमी नाहीत.

कोंबडीखाद्य बनवणाऱ्या एका कंपनीचा खरेदी अधिकारी आला. मका मुठीत घेतला, यंत्रावर ओलावा बघितला, चौदा टक्क्यांच्या आत. चहा घेता घेता म्हणाला, "दादा, तुमचा सगळा माल आमचा." करार पुढे केला, तर सहीचा अधिकार त्याला नाही! मसुदा मुख्यालयात गेला, तिथून कायदा विभागात. महिने गेले. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये, नाहीतर दौऱ्यावर. शेवटी मसुदा परत आला, तोही वेगळाच. माल 'गरजेप्रमाणे', दर 'त्या वेळी ठरेल', माल नाकारायचा हक्क फक्त त्यांचा. असला कागद स्मार्टच्या जिल्हा कक्षात चालेना, कारण तिथे किती क्विंटल ते आकड्यात हवं. आमच्या बैठकीत एक आबा म्हणाले, "मका लेवाले तयार शेत, मंग सही कोन करी रे भो?" (घ्यायला तयार आहेत, मग सही कोण करणार?) मी काय सांगणार. दोन्हीकडच्या शिव्या मात्र मलाच.

गाडं हललं ते दराचा आकडा मागणं सोडल्यावर. जळगाव बाजार समितीचा त्या दिवसाचा दर, वर क्विंटलमागे ठरलेली रक्कम. ओलावा आमच्याच यंत्रावर, दोघांसमोर मोजायचा, कपातीचा तक्ता कराराला जोडायचा. पहिल्या हंगामाला किमान माल थोडाच धरला. हे कायदा विभागाला चाललं आणि सही आली. त्या दिवशी आख्ख्या संचालक मंडळाला मी भरीत-पुरी खाऊ घातली, उगाच नाही सांगत.

हो, एक राहिलं. पहिल्याच भेटीत विचारा, सही कोण करणार आणि त्याच्या नावाचा त्यांच्या कंपनीचा ठराव आहे का. गोड बोलणाऱ्या खरेदी अधिकाऱ्यावर विसंबू नका. दोन खरेदीदारांशी एकाच वेळी बोलणी ठेवा. दुसरा आहे हे कळलं की पहिल्याचे साहेब दौऱ्यावरून लवकर येतात.

बँकेचं आता आठवलं. अनुदान ६० टक्क्यांपर्यंत, बाकी स्वहिस्सा आणि कर्ज. कर्जाचा अर्ज देतानाच कृषी पायाभूत सुविधा निधी या केंद्राच्या योजनेचं विचारा. दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला सात वर्षं व्याजात तीन टक्के सवलत आहे. आमच्या शाखेत आपणहून कुणी सांगितलं नाही. मी योजनेचं परिपत्रक छापून नेलं, तेव्हा कुठे साहेबांनी चष्मा लावला.