काकांची सही
आज कर्ज उपसमितीची पहिली बिनकागदाची बैठक झाली. आमची सोसायटी बहुराज्यीय, एक शाखा निपाणीत तर दुसरी चंदगडात. 2023 च्या कायदा दुरुस्तीनंतर लेखापरीक्षण व नीतिमत्ता समिती सक्तीची झाली, शिवाय कर्ज, वसुली आहेतच. कोण कुठं हे संचालकांनाच आठवेना, म्हणून हे सॉफ्टवेअर. ज्या समितीवर तुम्ही, तिचेच कागद तुम्हाला दिसतात.

शहापूरचे काका, सत्तरी ओलांडलेले, टॅबवर बोट घासत म्हणाले, "काय गे, वसुलीचे कागद कुठं गेले?"

"काका, त्या समितीवर तुम्ही नाही."

"अस्सं? मग वर्षभर मी सही कशावर करत होतो?"

सगळे गप्प. जुनं इतिवृत्त काढलं, तर खरंच! सात बैठकांना त्यांची हजेरी, निळ्या शाईत, शेपूट ओढलेली सही. कोरम त्यांच्यामुळंच भरायचा. (रजिस्टर मीच फिरवत होते, हे कुणी काढलं नाही, नशीब.)

नव्या यंत्रात ठरावाला मागची तारीख घालता येत नाही. करून बघितलं.

उद्या ते रजिस्टर घेऊन अध्यक्षांकडे जायचंय. सोबत पावशेर कुंदा न्यावा म्हणते.