रेक्समची कूरू

चेस्टरला गाडी बदलली की वीसेक मिनिटांत वेल्समधलं रेक्सम. पाट्या दोन भाषांत. वेल्शमध्ये बिअरला ‘कूरू’ म्हणतात, हे मला १९९९ साली मँचेस्टरच्या घरमालकांनी शिकवलं. म्हातारबुवा मूळचे रेक्समचे. ‘रेक्सम लागर’ सोडून बाकीच्या बिअरी त्यांच्या लेखी नुसतं पाणी! टायटॅनिकवरही हीच होती, असं शपथेवर सांगायचे.

एका शनिवारी मला मुद्दाम इथे घेऊन आले. सेंट्रल रोडजवळ येताच ओळखीचा वास नाकात शिरला. कुरडयांसाठी आई गव्हाचा चीक शिजवायची, थेट तसा. ब्रुअरीत माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, शिजत होतं.

लागर म्हणजे मुळात मुरवलेली बिअर. लोणच्याला बरणी लागते, हिला गारवा. १८८२ साली इथे ब्रुअरी काढली ती जर्मन मंडळींनी. त्यांतले लेव्हिनस्टाइन तर मँचेस्टरचे रंगांचे कारखानदार. हौसेनं तळघरं बांधली, पण ती हवी तेवढी गार राहीनात. धंदा बुडायच्या बेताला आला, तेव्हा रॉबर्ट ग्रेसर हे दुसरे जर्मन रसायनवाले पुढे आले आणि यंत्रानं गारवा आणून त्यांनी तो सावरला. १९४९ साली इंड कूप या इंग्लिश बिअर कंपनीनं ब्रुअरी घेतली. २००० साली ती बंदच पडली.

यंदा एकटाच गेलो. म्हातारबुवा आता नाहीत. जुनी एक इमारत तेवढी राखलीय, बाकीचं पाडून दुकानं झालीत. तिच्यासमोर उभा राहून दोनदा नाक ओढलं. काही नाही.

२०११ साली गावातल्याच एका कुटुंबानं ही लागर पुन्हा सुरू केली. पबमध्ये शिरून ऐटीत ‘कूरू’ मागितली. काउंटरवरच्या पोरीनं हसून विचारलं, ‘‘कुठली?’’ सोनेरी, हलकी, शेवटी जराशी कडवट. तीच चव का? काय सांगू! तेव्हाची ती माझ्या आयुष्यातली पहिली बिअर. म्हातारबुवा टक लावून बघत होते आणि ग्लास एकदाचा कधी संपतोय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

स्टेशनकडे जाताना वाट वाकडी करून पुन्हा सेंट्रल रोडवरून गेलो. वारा सुटला होता. कुणीतरी चिप्स खात चाललं होतं. व्हिनेगरचा वास आला.