रामनदी, उगम ते संगम: बावधन गाळा, औंध चुकवू नका

'नदीकाठानं सलग पायवाट आहे, उगमापासून संगमापर्यंत आरामात चालत जाता येतं' हा पुण्यातल्या रामनदीबद्दलचा निरोप हल्ली बऱ्याच ग्रुपांवर फिरतोय. तो पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकानंही बावधन पायी पाहिलेलं नाही, हे मी पैजेवर सांगते. सलग वाट नाही. तुकडे आहेत. काही तुकडे सुंदर आहेत आणि एक तुकडा असा आहे की तिथे कुणी जाऊच नये. हे सगळं त्या एका तुकड्यासाठी लिहितेय, आणि शेवटी औंधला जे पाहिलं त्यासाठी.

रामनदी भुकूमजवळ खाटपेवाडीच्या तलावापाशी सुरू होते. भुकूम, भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर अशी वाहत औंधला मुळा नदीला मिळते. लांबी साधारण 19 किलोमीटर. शनिवार-रविवार असे दोन भाग करा. टेकडीची सवय असलेल्याला अंतर काहीच नाही. बूट, पाणी, टोपी वगैरे मी सांगत बसत नाही.

सुरुवातीलाच फटका बसतो तो रिक्षाचा. चांदणी चौकातून भुकूमला जायचे आम्हाला चारशे सांगितले. 2022 मध्ये ठरलेला दर पहिल्या दीड किलोमीटरला 25 आणि पुढे किलोमीटरला 17 रुपये. मीटरनं सव्वाशेच्या आसपास व्हायला हवेत. 'हद्दीबाहेर आहे, रिकामं यावं लागतं' हे उत्तर तयार असतं. परतीचं भाडं धरलं तरी अडीचशेच्या वर एक रुपया देऊ नका. पौड रस्त्यानं पिरंगुटकडे पीएमपीच्या बस जातात, त्या भूगाव-भुकूमवरूनच जातात. सकाळी लवकर गेलात तर बसायलाही जागा मिळते. रिक्षा करायचं काही कारणच नाही.

खाटपेवाडी ते भूगाव छान आहे. तलाव, शेतं, मानस तलाव. तिथे सांगण्यासारखं फार नाही, चुकण्यासारखंही नाही.

आता बावधन.

भूगाव सोडलं की नदी सोसायट्यांच्या पाठीमागे जाते. पुढच्या बाजूला कारंजी, लॉन, सिक्युरिटी. मागच्या बाजूला संरक्षक भिंत, आणि भिंतीला टेकून नदी. जिथे काठ असायला हवा तिथे राडारोडा: फुटक्या टाइल्स, कमोडचे तुकडे, सिमेंटची पोती. त्यावरून चालताना पाय घोट्यापर्यंत आत जातो आणि आत काय आहे ते दिसत नाही. माझ्या मैत्रिणीच्या बुटातून सळईचं टोक वर आलं. नशिबानं नुसतं खरचटलं, तरी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावंच लागलं. काठानं पुढे जाता येईना म्हणून पात्रात उतरलो, तर पात्रात ड्रेनेजचे चेंबर. एकाचं झाकण नव्हतं. वरून पाणकणीस आणि घाणेरी इतकी वाढलेली की दोन हातांवर आल्याशिवाय ते भोक दिसलंच नाही. मुलांना घेऊन आलो असतो तर काय झालं असतं, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

वर चढून बाहेर पडावं म्हटलं तर सोसायटीचं मागचं फाटक बंद. वॉचमन म्हणाला, 'इकडून कोणी येत नाही मॅडम, इकडे नाला आहे.' मी म्हटलं, 'दादा, ही नदी आहे.' त्यानं खाली वाकून नीट पाहिलं आणि फाटक उघडलं. चांगला माणूस. पण वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी तरी कधी वाकून पाहिलंय का?

भुकूम-भूगाव ग्रामपंचायतींत येतं, बावधन खुर्द 1997 पासून महापालिकेत आहे आणि बावधन बुद्रुक 2021 मध्ये आलं. नदी एकच, पण तिच्या वाटणीला कार्यालयं वेगवेगळी, आणि वरच्या गावातून सोडलेलं सांडपाणी खालच्या गावाच्या खात्यावर पडतं. त्यात राडारोड्यानं पात्र आवळत जातं. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये एका पावसात ही 'नाला' म्हणवली जाणारी नदी पाषाणकडच्या वस्त्यांत घुसली होती. पूररेषा उगाच आखत नाहीत. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. आम्ही ज्या भिंतींच्या कडेनं सरपटत गेलो त्या या रेषांच्या कुठल्या बाजूला आहेत, ते तिथल्या रहिवाशांनी एकदा नकाशावर पाहावं. घर त्यांचंच आहे.

तेव्हा बावधन चालू नका. भूगावच्या थांब्यावरून बस पकडा, चांदणी चौकात उतरा आणि पाषाणला दुसऱ्या वाहनानं जा. 'पूर्ण नदी चाललो' म्हणायची हौस असेल तर ती इथे भागवू नका.

पाषाण तलाव शनिवारच्या संध्याकाळला ठीक. जलपर्णी आहेच. सांडपाण्यातलं नत्र आणि फॉस्फरस येतच राहतं, त्यामुळे यंत्रानं काढली तरी पुन्हा माजते. वरून येणारं पाणी सुधारल्याशिवाय तलाव सुधारणार नाही, आणि वर काय येतं ते आता मी डोळ्यांनी पाहिलंय. पक्षी बघायचे असतील तर दुर्बीण घ्या. शेकाटे भरपूर दिसतील, पण फार खूश होऊ नका, घाण पाण्यातही हा पक्षी मजेत राहतो.

रविवारी सकाळी सोमेश्वरवाडीच्या जुन्या दगडी मंदिरापासून निघालो. मध्ये बाणेरला पुन्हा रस्त्यावर यावं लागतं, त्यात विशेष काही नाही. औंधला राम-मुळा संगमावर मात्र नऊच्या आत पोचा. उन्हासाठी नव्हे, माणसांसाठी.

पुण्यात 'जीवितनदी' नावाची संस्था आहे. नदीकिनाऱ्याचा एखादा तुकडा दत्तक घ्यायचा आणि तिथे येत राहायचं, असं त्यांचं काम. मुठेवर विठ्ठलवाडीला आणि इथे संगमावर त्यांनी ते उभं केलंय. आम्ही पोचलो तेव्हा काही लोक गुडघाभर गाळात होते. निवृत्त काका, कॉलेजची मुलं, एक ताई सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन. कुणी भाषण दिलं नाही. हातमोजे पुढे केले.

माझ्या वाट्याला साडी आली. पुरात वाहून आलेली, करंजाच्या मुळांत गुंडाळून गाळात रुतलेली, एक पदर वर. मी जोर लावून ओढायला लागले तसे काका म्हणाले, 'ओढायचं नाही ताई, कापायचं. ओढलं की मुळं उघडी पडतात, मग पुढच्या पुरात झाडच जातं.' मग कात्रीनं वीतभर कापायचं, गाळ झटकायचा, पुन्हा कापायचं. एका साडीला अर्धा-पाऊण तास लागला. शेजारी दुसरे लोक देवांच्या तसबिरी सोडवत होते: काच वेगळी, चौकट वेगळी, चित्र वेगळं. असं वेगळं केलं तर त्यातलं बरंच भंगारात जातं, कचऱ्याच्या ढिगात जात नाही. कचरावेचक सभासदांचीच मालकी असलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था याच शहरातली, त्यामुळे वर्गीकरणाचं महत्त्व पुणेकराला नव्यानं सांगायला नको. तरी नदीत तसबीर टाकणारे हातही पुण्याचेच.

काम थांबल्यावर त्यांनी मुळेच्या काठावर जिवंत झरे दाखवले. काठच्या मातीतून स्वच्छ पाणी पाझरताना पाहिलं आणि आदल्या दिवसाचा सगळा शीण उतरला. शहराच्या पोटात, औंधमध्ये! नदीकाठ सुधारणेचा जो 44 किलोमीटरचा प्रकल्प चालू आहे, त्यात असे झरे आणि वाळुंज-करंजासारखी काठची झाडं जातील म्हणून 2023 च्या एप्रिलमध्ये पुणेकर रस्त्यावर उतरले होते. तेव्हा मला ते लांबचं वाटलं होतं. आता मी स्पष्ट बाजू घेते: हा काठ बांधून काढू नये. ज्याला बांधायचा आहे त्यानं आधी एक रविवार तिथे यावं.

बावधन आणि संगम, दोन्हीकडे पाणी तेच. फरक इतकाच की संगमावर ठरावीक वारी ठरावीक माणसं येतात. त्यांना कुठला दगड हलला, कुठलं झाड वाकलं हे कळतं. बावधनला नदीकडे पाठ करून हजारो घरं उभी आहेत. तिथल्या एका जरी सोसायटीनं मागचं फाटक रविवारी दोन तास उघडं ठेवलं, तर मी स्वतः कात्री घेऊन येईन. हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही.

जाणाऱ्यांसाठी उरलेलं: नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. उन्हाळ्यात बरंचसं सांडपाणीच वाहतं आणि पावसाळ्यात पात्राच्या आसपास फिरकू नका. संगमाला जाताना जाड कापड कापणारी मोठी कात्री न्या, तिथे ती नेहमीच कमी पडते. रबरी हातमोजे न्या, कापडी नकोत. बाणेरहून परतीची रिक्षा मीटरनं मिळते, थोडं चालून मुख्य रस्त्याला या. आणि वाटेत राडारोडा ओतणारा ट्रक दिसला तर लांबूनच फोटो काढा, ड्रायव्हरशी वाद घालू नका, आणि महापालिकेच्या 'पीएमसी केअर' ॲपवर तक्रार टाका. फोटोत गाडीचा नंबर आणि ओळखीची एखादी इमारत दोन्ही आली पाहिजेत.